गाडीखाली न जाताही ऑइल बदलता येतं, तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गाडीचं इंजिन ऑइल घरच्या घरी कसं बदलायचं यावर अर्धं पान आलं होतं. आमच्या सोसायटीत ते बऱ्याच जणांनी वाचलं, दोघांनी तर कात्रणाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि आता या महिन्यात आपणही करून बघू म्हणून तयारीला लागलेत. लोक स्वतःच्या गाडीला हात लावायला लागले ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की मला राहवेना. एक म्हणजे गाडी जॅकवर चढवा आणि खाली सरकून चेंबरचा (इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं त्या भांड्याचा) नट खोला असं सरळ लिहिलंय, स्टँडचं नावसुद्धा नाही. आणि दुसरं, वरूनच ऑइल ओढून काढणाऱ्या व्हॅक्युम पंपाला एकाच ओळीत निकालात काढलंय की त्याने तळातला गाळ निघत नाही म्हणून तो टाळावा.

मी ३१ वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, रिटायर होऊन आता आठ वर्षं झाली. गेली सहा वर्षं माझ्या गाडीचं ऑइल मी पंपानेच काढतो, भावाच्या आणि शेजारच्या दोन गाड्यांचंही काढलंय, म्हणून हे लिहायचा मला थोडाफार हक्क आहे असं समजून लिहितोय. पत्र लांबलंय, जागेअभावी कापलंत तरी चालेल पण जॅकचा भाग तेवढा कापू नका.

तर जॅकबद्दल. गाडीसोबत जो कात्रीसारखा उघडणारा जॅक मिळतो तो फक्त चाक बदलायला असतो, कुठल्याही गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की जॅकवर गाडी असताना खाली जाऊ नये. माझा मावसभाऊ सिन्नरला असतो, त्याने सात वर्षांपूर्वी असंच अंगणात पेव्हर ब्लॉकवर जॅक लावून गाडी उचलली, ऑइल घमेल्यात निथळत ठेवलं आणि नवीन वायसर आणायला म्हणून बाहेर येऊन उभा राहिला, तेवढ्यात जॅकखालचा ब्लॉक एका बाजूने खचला आणि गाडी खाली बसली. घमेलं चपटं झालं. मिनिटभर आधी त्याची छाती त्या घमेल्याशेजारी होती. मी त्याच संध्याकाळी तिथे गेलो होतो, ते घमेलं मी बघितलंय, आणि घरी आल्यावर आधी पंप शोधायला लागलो. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, खाली नुसती कच असते, पावसाळ्यात ती वाहून जाते आणि वरून काही कळत नाही. कृपा करून पुढच्या रविवारी एवढं तरी छापा की जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, खाली जायचंच असेल तर लोखंडी रॅम्प किंवा दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, तेही काँक्रीटवर, आणि मागच्या चाकांना दगड लावून.

आता पंप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंजिनला ऑइल बघायची जी पट्टी असते, डिपस्टिक, गॅरेजवाले तिला गेज म्हणतात, ती काढली की तिच्या नळीतून एक बारीक पाइप थेट चेंबरच्या तळापर्यंत सोडायचा आणि वरून पंपाने ऑइल ओढून टाकीत घ्यायचं. बस, उभ्या उभ्या काम. आपण ओढतो म्हणतो पण खरं तर टाकीतली हवा आपण काढतो आणि बाहेरची हवा ऑइलला ढकलत टाकीत आणते, म्हणून कितीही भारी पंप घेतला तरी एका वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त जोर मिळूच शकत नाही. हे लक्षात ठेवलं की दुकानदाराच्या बऱ्याचशा बोलण्याला आपण भुलत नाही. पाणी या जोरावर साधारण १० मीटर वर चढतं, आपल्याला तर ऑइल जेमतेम मीटरभर चढवायचंय, म्हणजे जोर कमी पडत नाही, अडतं ते ऑइलचा घट्टपणा आणि नळीची जाडी या दोनच गोष्टींवर.

नळीचं गणित ऐकण्यासारखं आहे. नळीतून जाणारा प्रवाह तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे आतून ४ मिमीच्या नळीऐवजी ६ मिमीची बसली तर दीडपट नाही, जवळजवळ पाचपट ऑइल येतं. म्हणून पंप घेताना टाकीचा रंग आणि बॉक्सवरचे फोटो बघण्यापेक्षा सोबत किती जाडीच्या नळ्या दिल्यात ते विचारा, आणि आपल्या गाडीच्या डिपस्टिकच्या नळीत जी सगळ्यात जाड बसेल ती वापरा. नळी जरा ताठ हवी, नायलॉनची चांगली. मऊ पारदर्शक पीव्हीसीची असेल तर गरम ऑइलने ती आणखी मऊ पडते आणि व्हॅक्युम चढला की मधेच चिमटते, मग माणूस पंपाला नावं ठेवतो.

घट्टपणाचं म्हणाल तर ५डब्ल्यू-३० ऑइल ४० डिग्रीला साठ-पासष्ट सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असतं आणि १०० डिग्रीला दहा-अकरावर येतं. थंडीत सकाळी नाशिकला ८-१० डिग्री असताना गार इंजिनातून ओढायला गेलात तर ते कितीतरी घट्ट असतं, पंप मारून मारून खांदा दुखेल आणि नळीत मधासारखी एक धार दिसेल. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि थोडं निवतंही, मग सुरू करा. एकदम कडकडीत गरम असताना मात्र करू नका, नळी निसटली तर हात भाजतो, आणि नळीही टिकत नाही.

पंपाचे प्रकार बाजारात मुख्य तीन मिळतात. एक हाताने मारायचा, सायकलच्या पंपासारखा दांडा असतो आणि खाली सहा ते दहा लीटरची टाकी. दुसरा १२ व्होल्टचा छोटा, बॅटरीला चिमटे लावायचे की चालू. तिसरा कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा, तो गॅरेजवाल्यांसाठी, घरी कॉम्प्रेसर नसतो त्यामुळे त्याच्यात जात नाही. माझं स्पष्ट मत हातपंपाच्या बाजूने आहे. मी आधी १२ व्होल्टचाच घेतला होता कारण तो निम्म्या किमतीत मिळाला. ६० वॅट लिहिलेलं होतं, म्हणजे पाच अँपिअर, त्यात तो ऑइल स्वतःच्या पोटातून पुढे ढकलतो, मधे टाकी नसते, त्यामुळे ऑइल घट्ट असलं की मोटर तापते आणि शेवटी शेवटी हवा आणि ऑइल मिसळून यायला लागलं की तो कोरडा फिरतो. तीन वेळा चालला, चौथ्या वेळी आवाज करायचा पण ओढायचा नाही. हातपंपात असलं काही नाही, ऑइल पंपाला शिवतच नाही, ते टाकीत पडतं आणि पंप फक्त हवा काढतो. म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो, माझ्या पंपाची एक ओ-रिंग सोडली तर सहा वर्षांत काही बदलावं लागलं नाही. मी घेतला तेव्हा साडेचार हजार पडले होते, आता कमीजास्त असेल.

घेताना दुकानातच एक टेस्ट करता येते, ऑनलाइन मागवला तर घरी आल्याबरोबर करा. नळीचं तोंड बोटाने किंवा अंगठ्याने घट्ट दाबून धरायचं, दहा-बारा दट्टे मारायचे आणि दोन मिनिटं तसंच सोडायचं. बोट सोडल्यावर फुस्स करून हवा आत गेली तर व्हॅक्युम टिकलाय, नाही गेली तर कुठेतरी लीक आहे, बहुतेक वेळा टाकीच्या झाकणाच्या रबरात किंवा नळीच्या जोडात असतं. जोडाला होज क्लिप लावून घेता येते, पण झाकणच बसत नसेल तर परत करा. टाकीवर लीटरच्या खुणा हव्यातच, त्याचं कारण पुढे सांगतो. टाकीचा पाया रुंद हवा म्हणजे लवंडत नाही. आणि टाकी तुमच्या गाडीच्या ऑइलपेक्षा मोठी हवी, छोट्या पेट्रोल गाडीला तीन-साडेतीन लीटर लागतं पण मोठ्या डिझेल एसयूव्हीला सहा-सात लीटरपर्यंत जातं, तिथे सहाची टाकी पुरत नाही.

इथे एक धोक्याची गोष्ट. आमच्या इथल्या एका मुलाने एसी रिपेअरवाल्याचा व्हॅक्युम पंप आणून पाण्याच्या प्लास्टिकच्या कॅनला जोडला होता, पंप खूप चांगला असतो तो, पण कॅन काही सेकंदांत आत दबून चिरडला आणि अर्धं ऑइल फरशीवर. काही जण फ्रीजचा जुना कॉम्प्रेसरही यासाठी वापरतात. पंप चालेल हो, पण मधली टाकी व्हॅक्युम सहन करणारी हवी, काचेची बरणी तर अजिबात नको, ती आत फुटते आणि काचा डोळ्यात जातात. आणि कुठलाही इलेक्ट्रिक पंप पेट्रोल काढायला वापरायचा नाही, आतल्या मोटरच्या ब्रशला ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ पेट घेते. १२ व्होल्टचे पंप विकणारे लोक पेट्रोलचं कधी बोलतच नाहीत म्हणून मुद्दाम लिहितोय. तसंच ऑइलचा पंप ब्रेक ऑइलला वापरू नका. इंजिन ऑइलचे चार थेंब ब्रेकच्या सिस्टीममध्ये गेले तरी तिथली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो, त्यासाठी वेगळी बाटली वेगळी नळी ठेवा.

पण हे सगळं घ्यायच्या आधी एक गोष्ट बघा आणि मला वाटतं हीच सगळ्यात महत्त्वाची आहे, तुमच्या गाडीचा ऑइल फिल्टर कुठे आहे. कारण ऑइलबरोबर फिल्टर बदलायचा असतो. माझ्या भावाच्या डिझेल गाडीचा फिल्टर वरच्या बाजूला एका झाकणाखाली आहे, बॉनेट उघडलं की समोर, त्याचं काम मी शर्टाला डाग न लागता पाऊण तासात करतो, त्याला पंप म्हणजे वरदान आहे. माझ्या स्वतःच्या पेट्रोल गाडीचा फिल्टर खालून आहे, तिथे फिल्टरसाठी मला रॅम्पवर चढवावीच लागते, म्हणजे खाली जाणं टळत नाही, फक्त कमी होतं आणि तीन लीटर गरम ऑइल तोंडावर घेऊन झोपावं लागत नाही एवढंच. काही गाड्यांत स्टेअरिंग पूर्ण वळवलं की चाकाच्या बाजूने हात जातो आणि फिल्टर हाताला लागतो. तर फिल्टर वरून असेल तर डोळे झाकून पंप घ्या, हात पोचत असेल तरी घ्या, पूर्ण खाली असेल आणि तुमच्याकडे रॅम्प असतील तर पंपाचा फायदा अर्धाच आहे, मग पैशाचा विचार करून ठरवा. तुमच्या लेखात हे कुठेच नव्हतं, पंप चांगला की वाईट एवढंच होतं, पण ते गाडीवर अवलंबून आहे.

काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, लेव्हल स्क्रीनवर दिसते, तिथे हा विषयच मिटला. आणि काहींची नळी अशी वाकडी असते किंवा मधेच संपते की पाइप तळाला पोचत नाही. ते कळायला मोजणं हाच उपाय, म्हणून टाकीवर खुणा हव्यात. मॅन्युअलमध्ये फिल्टरसकट आणि फिल्टरशिवाय किती ऑइल लागतं ते दिलेलं असतं, पहिल्या वेळी ओढलेलं ऑइल त्याच्याशी ताडून बघा. सुरू करायच्या आधी पट्टीवर लेव्हल किती होती तेही बघून ठेवा, कारण कमी असेल तर कमीच निघणार.

गाळाचा मुद्दा. मला हा प्रश्न गेल्या सहा वर्षांत कमीत कमी वीस जणांनी विचारलाय आणि मला स्वतःलाही होता. म्हणून पहिल्या दोन वेळी पंपाने सगळं ओढून झाल्यावर मी गाडी रॅम्पवर चढवली आणि चेंबरचा नट खोलून बघितलं की आत काय उरलंय. पहिल्या वेळी साधारण दोनशे मिली निघालं, ती माझी चूक होती, पाइप तळाला टेकलाच नव्हता. दुसऱ्या वेळी साठ-सत्तर मिली, अर्धा कप चहा. आणि ते ऑइल वेगळं, जास्त काळं, जास्त घट्ट वगैरे काही नव्हतं, टाकीत होतं तसंच. कारण आत्ताच्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेले असतात, त्यांचं कामच काजळी तरंगत ठेवायचं, म्हणून तर ऑइल काळं होतं. गाडी फिरवून आणल्यावर ऑइल गरम असतानाच ओढलं तर जी घाण तरंगते ती ऑइलबरोबर येते. जो गाळ चेंबरच्या तळाला डांबरासारखा चिकटून बसलाय तो नट खोलूनही येत नाही, त्यासाठी चेंबरच उतरवावा लागतो. आणि तीन लीटरमध्ये साठ-सत्तर मिली जुनं राहिलं तर ते दोन टक्क्यांच्या आसपास झालं, हेडमध्ये म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, ऑइलच्या मार्गांमध्ये त्याच्यापेक्षा जास्त जुनं ऑइल नट खोलला तरी राहतंच.

नटाच्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहितो. धातूचा कीस बघायचा असेल तर नटच खोलावा लागतो, काही नटांना लोहचुंबक असतो, त्यावर काय चिकटलंय त्यावरून इंजिनाची तब्येत कळते. म्हणून मी दर तिसऱ्या वेळी रॅम्पवर घेऊन नट खोलतो, नवीन वायसर घालतो. पण प्रत्येक वेळी खोलण्यात दुसरा तोटा आहे, बऱ्याच गाड्यांचा चेंबर आता ॲल्युमिनियमचा असतो आणि पोरं लांब पान्याने नट आवळतात, दोन-चार वेळा तसं झालं की आटे जातात. मग एक तर मोठा नट ठोकायचा नाहीतर नवीन चेंबर. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीचं तेच झालं, रात्रभर पार्किंगमध्ये थेंब थेंब गळत होतं. पंपाने काढताना नटाला हातच लागत नाही.

आणि हे काही जुगाड नाही. मर्सिडीजच्या बऱ्याच इंजिनांचं ऑइल वर्कशॉपमध्ये डिपस्टिकच्या नळीतूनच ओढतात. युरोपात १९९८ मध्ये जी स्मार्ट नावाची दोन सीटची छोटी गाडी आली तिच्या चेंबरला नटच दिला नव्हता, ऑइल काढायचं तर वरूनच. बोटींचं तर विचारूच नका, आत बसवलेल्या इंजिनखाली घमेलं सरकवायला जागाच नसते, तिथे कित्येक वर्षांपासून हातपंपानेच काढतात.

करायची पद्धत थोडक्यात लिहितो कारण ज्यांनी पंप घेतलाय त्यांच्याकडूनही इथेच चुका होतात. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, इंजिन बंद, ऑइल भरायचं वरचं झाकण उघडून ठेवा म्हणजे आत हवा जाते. पट्टी काढून पाइपाशेजारी धरा आणि तिच्या लांबीपेक्षा थोडी जास्त खूण पाइपावर टेपने करा. पाइप हळूहळू सोडा, तळाला टेकल्याचं बोटाला कळतं. जोर लावून आणखी ढकलला तर तो आत वळतो आणि टोक वर येतं, मग नुसती हवा ओढली जाते, हे सगळ्यांचं होतं. टेकला की दोन-तीन मिमी वर घ्या. दहा-पंधरा दट्टे मारा, ऑइल यायला लागलं की थांबा, व्हॅक्युम आपलं काम करतो, मधेमधे चार दट्टे. शेवटी गुळण्या केल्यासारखा आवाज यायला लागला की पाइप थोडा वर-खाली करून फिरवून बघा, परत थोडं येतं. मग फिल्टरचं काम करा, त्यात दहा मिनिटं जातात, तेवढ्यात वरून निथळलेलं ऑइल खाली जमतं, ते पुन्हा एकदा ओढा. ही दुसरी ओढ विसरू नका, माझ्या गाडीत त्यात शंभर मिली सहज येतं. नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, हातानेच आवळा, रबर टेकल्यावर फिल्टरवर लिहिलंय तेवढाच फेर, बहुतेक पाऊण असतो, पान्याने नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्यापेक्षा दोन-तीनशे मिली कमी भरा, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करा, पाच मिनिटांनी पट्टी बघा आणि मग खुणेपर्यंत आणा. हातात नायट्राइलचे ग्लोव्हज घाला. कारखान्यात आम्ही उघड्या हातांनी जुनं ऑइल हाताळायचो, दोन सहकाऱ्यांच्या हातांचं कातडं कायमचं खराब झालेलं मी बघितलंय, आणि वापरलेल्या ऑइलचा कातडीशी सारखा संबंध कॅन्सरच्या दृष्टीनेही वाईट समजतात.

पंपाचा आणखी एक उपयोग मला नंतर कळला. एकदा एका ठिकाणी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, परत आल्यावर पट्टी बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. जास्त ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट, क्रँक म्हणजे इंजिनाचा खालचा फिरता दांडा त्यात बुडून फिरतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. परत जाऊन भांडत बसण्यापेक्षा घरी चारशे मिली ओढून घेतलं, पाच मिनिटांचं काम. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ करायला इंजिन जादा डिझेल टाकतं, छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल आपोआप वर चढते. ज्यांची अशी गाडी आहे त्यांनी महिन्यातून एकदा पट्टी बघा, लेव्हल वाढलेली दिसली तर नुसतं थोडं काढून गप्प बसू नका, ऑइल पातळ झालंय, बदलाच. आणि ऑइल डीपीएफला चालणारंच घ्या, कॅनवर मॅन्युअलमधला नंबर आहे का बघून. वॉरंटीतल्या गाडीला मात्र घरी हात लावू नका, वॉरंटी संपल्यावर करा आणि ऑइल-फिल्टरची बिलं ठेवा.

आता ज्यासाठी मुख्य म्हणजे पत्र तुमच्याकडे पाठवतोय, ग्रुपवर टाकून भागलं नसतं. काढलेलं जुनं ऑइल टाकायचं कुठे? तुमच्या लेखात लिहिलंय, "योग्य ठिकाणी द्यावे". योग्य ठिकाण कुठलं? मी सहा वर्षं शोधतोय. घंटागाडीवाले घेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे, ओल्या-सुक्या कचऱ्यात ते मिसळायला नकोच. आमच्याकडे काय होतं ते मी बघतो, कुणी झाडाच्या बुंध्याला वाळवीसाठी ओततं, कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला बिगारी घेऊन जातात, कुणी होळीत ओततं, आणि बाकीचं पावसाळी गटारात. आमच्या भागातलं गटार नासर्डी नदीला जातं, नासर्डी गोदावरीला. अमेरिकेची ईपीए ही पर्यावरणाची सरकारी संस्था सांगते की एका ऑइल चेंजचं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं, म्हणजे ३८ लाख लीटर. आणि हे आपण २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करायच्या गोष्टी करतोय त्या गावात.

खरं तर हे तेल कचरा नाहीच. ऑइल झिजत नाही, त्यातले ॲडिटिव्ह संपतात आणि घाण मिसळते, कारखान्यात ते शुद्ध करून पुन्हा बेस ऑइल, म्हणजे नवीन ऑइल बनवायचं मूळ तेल, बनतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल धरलेलंच आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा होऊन शुद्ध होण्याची जबाबदारी टाकलीय. नियम आहे, शुद्ध करणारे परवानाधारक आहेत, पण तीन लीटरचा कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी खिडकी नाही. मागच्या वर्षापर्यंत मी ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये ओतायचो, तो परवानावाल्याला ड्रम द्यायचा, पावती पण दाखवायचा. मागच्या वर्षी त्याने गॅरेज बंद केलं. दुसऱ्या दोन गॅरेजना विचारलं तर एकाने सरळ सांगितलं की आम्ही सेंट्रिंगवाल्याला विकतो, दुसऱ्याने घेतलंच नाही.

म्हणून तुम्हाला विनंती अशी की महानगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला तुमच्या वार्ताहराने एवढंच विचारावं, प्रत्येक विभागीय कार्यालयात महिन्यातून एक दिवस वापरलेलं ऑइल आणि जुने फिल्टर घेतील का, जसा ई-कचरा गोळा करायचे दिवस ठेवतात तसा? एक झाकणाचा ड्रम, एक चाळणी आणि एक रजिस्टर लागेल. जे उत्तर येईल ते पत्त्यासकट छापा, त्याच पानावर, जिथे ऑइल कसं बदलायचं ते छापलंत. लोक घरी ऑइल बदलायला लागलेत तर हा प्रश्न वाढणार आहे, आणि लेख छापणाऱ्यांनी तेवढं पुढचं पाऊल टाकावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या बाल्कनीत आत्ता पाच-पाच लीटरचे तीन कॅन भरलेले आहेत, झाकणं घट्ट लावून, वर तारीख आणि "जळकं ऑइल" असं लिहून ठेवलेत. ज्या दिवशी तुम्ही पत्ता छापाल त्या दिवशी मी ते स्वतः घेऊन जाईन.

आपला,
एक नियमित वाचक, सिडको, नाशिक